पाचोळ्याखालचा वास

"पोरीला खाली उतरव. गोचिड्यांना खायला ती काय साखरेची आहे?" आत्याबाई म्हणाल्या.

"खाली ओल आहे हो," मी माझ्या लेकीला, पर्लला, कडेवर आणखी घट्ट धरलं.

"एप्रिलमध्ये काय धूळ उडणार? तुमच्या हॅलिफॅक्स शहरात उडत असेल!"

व्हर्ली आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. धक्क्यावरच्या कारखान्यात जन्मभर मासे कापले. साबण कितीही चोळला तरी हाताचा वास जाईना. म्हणून बर्फ वितळला की त्या एकट्याच या रानात यायच्या आणि स्प्रूसच्या झाडांखाली गुडघे टेकून, पाचोळ्याखाली दडलेली मेफ्लॉवरची फुलं नुसत्या वासावर हुडकायच्या. जागा कुणाला कळू द्यायच्या नाहीत. या गावात रीतच आहे: आपली जागा एकदाच दाखवायची, एकालाच, आणि दाखवली की आपण तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. सोमवारी त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. आज मला घेऊन आल्या होत्या.

धुकं फांद्यांत अडकून बसलं होतं. त्यापलीकडे समुद्र दिसत नव्हता, नुसता श्वास घेत होता. आत्याबाई वाकल्या, पानांशी नाक नेलं, पुढे सरकल्या. परत वाकल्या.

सकाळी त्यांच्या चुलीवर दूध करपलं, घरभर वास सुटला, आणि त्या शेजारीच बसून शांतपणे लोकर गुंडाळत होत्या. हिवाळ्यातल्या तापाने त्यांचं वास घेणंच नेलं होतं. मला तेव्हाच कळलं. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

"इथंच असायची गं," त्यांचा आवाज बारीक झाला. "कुणी मेल्याने वेल मुळासकट ओढला असणार. ओढला की संपलंच. मग तुला दाखवू काय? पाचोळा?"

मला वास येत होता. मध थंडीत ठेवावा तसा, डाव्या हाताच्या उतारावरून. पण ते मी सांगायचं कसं?

मी पर्लला त्या उतारावर, ओल्या पानांत, उतरवलं.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग आत्याबाईंकडे. आणि अगदी त्यांच्यासारखीच गुडघ्यांवर बसून तिने पाचोळ्यात नाक खुपसलं. पानं सरकली. खाली गुलाबी-पांढरी फुलं, जमिनीला बिलगून.

"अगं बया! पोरगी माझ्या नाकावर गेली!" आत्याबाई रांगतच आल्या.

कोटाच्या खिशातून त्यांनी कात्री काढली, एक डहाळी कापली, नाकाशी धरली. डोळे मिटले. बराच वेळ.

"यंदा जरा मंद आहे, नाही?"

सगळं रान घमघमत होतं.

"हो," मी म्हटलं. "मंदच आहे."

त्यांनी मान हलवली. उरलेल्या फुलांवर पाचोळा ओढला, झोपलेल्या लेकरावर दुलई सारखी करावी तसा. कात्री माझ्या हातात दिली, डहाळी कॉलरला खोचली आणि मागे वळून न बघता वाटेला लागल्या.

पर्लच्या मोज्यांवरच्या गोचिड्या बघायचं मला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.