नुसतं बसणं

या, असे जवळ सरकून बसा. गळणाऱ्या मोटरसायकलची एक गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण मनात ठेवण्याजोगी.

मिस्त्रीने डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश इंजिनावरून शेवटचा फिरवला, कोरड्या फडक्याने सगळं लख्ख पुसून काढलं आणि हात पुढे केला.

"काकू, आता पावडर द्या. अंगाला लावायचीच."

काकूंनी कपाटातून डबा आणला. तो काकांचा होता. देण्याआधी त्यांनी तो कानाशी धरून हलवून पाहिला.

"फार उडवू नकोस रे."

काका जाऊन वर्ष उलटलं होतं. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की आठवड्यातून एकदा गाडी चालू करत जा आणि तेल बघत जा. काकूंनी तो नेम देवपूजेसारखा पाळला. इंजिन धडधडू लागलं की त्या आत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि काका आले की वाजणाऱ्या फाटकाच्या कडीकडे कान लावायच्या. मग परत येऊन बंद करायच्या.

पुढे गाडी गळू लागली. एका मिस्त्रीने पॅकिंग बदललं, दुसऱ्याने सील. फरशीवरचा काळा डाग मात्र पसरतच गेला. वरच्या मजल्यावरच्या आजी त्याच्यावरून घसरता घसरता वाचल्या, तेव्हा काकूंच्या मुलाने सांगून टाकलं की हा शेवटचा मिस्त्री, याच्याच्याने जमलं नाही तर गाडी भंगारात. भंगारवाल्याला त्याने संध्याकाळी यायला सांगूनही ठेवलं होतं. आता तो पायरीवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होता, पण बोट काही हलत नव्हतं.

मिस्त्रीने इंजिनावर पावडर भुरभुरली.

"नाटकात काम करायला निघाली वाटतं," मुलगा म्हणाला.

पांढऱ्यावर जिथे काळी रेघ उमटेल, तिथून गळती. मिस्त्रीने गाडी चालू केली आणि तिघेही वाकून बघू लागले. बराच वेळ गेला तरी इंजिन पांढरंच राहिलं. मग मागच्या बाजूला, एका रबरी नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगला आणि पडला. त्याच्यामागून आणखी एक.

मिस्त्री विचारात पडला. ती नळी इंजिनातली हवा बाहेर सोडणारी. पोट गळ्यापर्यंत भरलं असेल तरच तिच्यातून तेल येतं. त्याने गाडी बंद केली आणि तेल कोण बघतं म्हणून विचारलं.

"मीच. आमच्याकडे पहिल्यापासून मीच."

"दाखवा बरं, कसं बघता."

काकू गाडीच्या उजव्या अंगाला गुडघे टेकून बसल्या. तेलाचं झाकण फिरवून काढलं, त्याला जोडलेली काडी पुसली, आत घालून पुन्हा बाहेर काढली आणि उजेडात धरली. टोक जेमतेम ओलं होतं. दर वेळी हे असंच, त्या म्हणाल्या, हिला तहानच फार. मग खुणेला लागेपर्यंत थोडं थोडं घालते, उपाशी नको राहायला.

मधला स्टँड काकांच्या हयातीतच मोडला होता. गाडी बाजूच्या स्टँडवर डावीकडे कलून उभी होती, कुशीवर झोपल्यासारखी. मिस्त्री त्या कलण्याकडे बघत राहिला. आतलं तेल सगळं डाव्या कुशीला. उजवीकडच्या काडीला ते लागणार कुठून.

"काका असतानाही असंच बघायचात?"

"असंच. मी खाली गुडघे घासत आणि हे वर, राजासारखे." काकू हसल्या. "काडीची मदत नाही. नुसते बसायचे."

"वर म्हणजे?"

"सीटवर रे. दोन्ही पाय खाली टेकून, हँडल धरून. डोळे मिटून देवाचं काहीतरी गुणगुणायचे. ओळ पुरी झाल्याशिवाय उतरायचे नाहीत. मी ओरडायची, उतरा की आता."

मिस्त्रीने हातातल्या फडक्याची उगाच घडी केली, पुन्हा उलगडली. सांगायला गेलं तर एका वाक्याचं काम होतं, पण ते त्याच्या तोंडून निघेना. तो मुलाकडे वळला.

"भाऊ, जरा वर बसा. दोन्ही पाय टेका आणि गाडी सरळ धरा."

मुलाने मोबाइल खिशात टाकला. पाय पलीकडे टाकून तो बसला आणि गाडी उचलून ताठ केली. काका गेल्यापासून ती दारात अशी उभी राहिलीच नव्हती.

"आता बघा, काकू."

काकूंनी काडी पुसली, घातली, काढली. वरच्या खुणेच्याही पार वर ती काळी झाली होती. त्यांनी परत पुसून परत पाहिलं. एक थेंब मनगटावर ओघळला. तो त्यांनी पुसला नाही. त्यांची नजर मुलाच्या टेकलेल्या पावलांवर गेली, तिथून हळूहळू हँडलवरच्या हातांपर्यंत.

"भरलंय," त्या म्हणाल्या. मग आपल्याशीच, "आणि मी म्हणायची, उतरा की."

मिस्त्रीने खाली पत्र्याचा डबा सरकवला, बोल्ट सैल करून जास्तीचं तेल काढून घेतलं. मधला स्टँड नवा बसवून देतो, म्हणजे कुणी धरायला नको, असंही तो म्हणाला.

"नको," काकू म्हणाल्या.

मुलाने एका हाताने भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. दुसरा हात हँडलवरच होता. बोल्ट आवळून झाला, झाकण बसलं, मिस्त्रीने अवजारंही आवरली. मुलगा उतरला नाही, आणि काकूंनीही त्याला उतर म्हटलं नाही.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी एवढं करा, त्या काकांना एकदा आठवा. ओळ पुरी होईपर्यंत जे उतरत नसत.