ठमाबाईची थाळी आणि पोवळ्यांचा खडक

मित्रांनो, पाच ठिकाणी कडा उडालेली मी एक जुनी पांढरी थाळी आहे. पत्र्यावर मुलामा चढवून मला मुंबईत घडवले. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी ठमाबाईने मला रेवदंड्याच्या बाजारातून घरी आणले. दहा वर्षे तिचा नवरा गुणाजी माझ्यात जेवला. मग गंज चढला आणि माझी रवानगी अंगणात, कोंबड्यांच्या पाण्यासाठी झाली. वाटले, संपलो आपण!

ठमाबाई ओहोटीला खडकाला चिकटलेले शिंपले फोडून कालवे काढायची. त्याच खडकाच्या पायथ्याशी जिवंत पोवळी वाढत आणि त्यांच्या आडोशाला मासळी. एका हिवाळ्यात रस्त्याचे काम निघाले. मुकादम तुळशीराम खणलेली माती खाडीच्या तोंडाशी ओतू लागला. पाणी गढुळले, कालवे मेली, मासळी दिसेनाशी झाली.

ठमाबाईने रस्त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियर साहेबांना गाठले. ते हसले. "बाई, एवढा मोठा समुद्र! चार पाट्या मातीने त्याला काय होतंय?"

"माजं नका ऐकू साहेब, सोताच्या डोल्यांनी बगा. चला होडीत."

तिने मला भोके पाडून दोरी ओवली, खाली दगड बांधला. आधी मला लांब, माती पोचत नव्हती अशा पाण्यात सोडले. दोन वाव, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी खाली गेले, तरी मी लख्ख दिसत होते. मग गुणाजीने होडी खडकापाशी आणली. हातभर बुडाले नाही तोच साहेब ओरडले, "गेली! थाळी गेली!"

"थाली तितंच हाय. उजेड गेलाय. खालच्या जिवांना आपून अंधारात कोंडलंय."

मी तळाशी पोचले होते. पोवळ्यांवर चिखलाचा थर बसला होता. काही पांढरी पडली होती, काही अजून तग धरून होती.

साहेबांनी होडी लगेच काठाला घ्यायला लावली. काठावर पाय ठेवताच ते कडाडले, "तुळशीराम, आजपासून एक पाटी पाण्यात पडता कामा नये! माती शेतांच्या बांधाला टाका."

त्यानंतर दर मोठ्या ओहोटीला ठमाबाई बायकांना घेऊन खडकावरचा गाळ हातांनी धुऊ लागली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात तिने मला पुन्हा तिथेच सोडले. एक वाव. दीड वाव. दोन वाव!

"दिसतंय! आजून दिसतंय!" गुणाजी होडीत उभा राहून नाचू लागला. काठावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आणि माझ्या शेजारी, जुन्या पोवळ्याच्या अंगावर, मोहरीएवढे नवे कोंभ फुटले होते. किती फुशारले मी!

मित्रांनो, तुमच्याही गावाला नदी, तळे, नाहीतर समुद्र असेल. त्या पाण्याकडे रोज नीट पाहणारे एक तरी माणूस गावात असू द्या. कोणीच नसेल, तर ते तुम्ही व्हा.