मुक्तिरथाचा हिरवा दिवा

मी एक जुना रथ आहे, मित्रांनो, पण मला घोडे नाहीत आणि माझ्यावर ध्वजही नाही. चार चाकं, डिझेलचं इंजिन, दोन्ही बाजूंना काचा आणि पाठीवर निळ्या अक्षरांत 'मुक्तिरथ', एवढाच माझा थाट. गावात कुणी वारलं की त्याला स्मशानात पोचवायचं, हे माझं काम. तुम्ही मला कधीतरी पाहिलं असेल, पण नीट पाहिलं नसेल, कारण मी दिसलो की आया मुलांना घरात ओढतात. घाबरू नका. बोलावल्याशिवाय मी कुणाच्याही दारी जात नाही.

मी जन्मापासून असा नव्हतो. आधी मी केळीचा टेम्पो होतो. चोपड्याच्या एका बागायतदाराकडे मी केळीचे घड वाहिले. त्यांच्या चिकाचे काळे डाग अजून माझ्या फळ्यांवर आहेत. वय झालं, धुरांडं खोकायला लागलं आणि मी धुळ्याला भंगाराच्या रांगेत उभा राहिलो. तिथे भंवरलाल शेठनी मला पाहिलं.

भंवरलाल शेठ म्हणजे आमच्या गावातले किराणा दुकानदार. गाव धुळ्याजवळ, मुंबई-आग्रा महामार्गाला चिकटलेलं, आणि स्मशान मात्र महामार्गाच्या पलीकडे. रस्ता रुंद झाला, ट्रक वाढले, खांदा देणारी तरुण मुलं सुरत-नाशिकला गेली. तिरडी घेऊन रस्ता ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून शेठनी आईच्या स्मरणार्थ मला विकत घेतलं, काचा बसवल्या, पांढरा रंग दिला आणि गावाला देऊन टाकलं. चालवायला आले देवचंदभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले. माझ्यावर त्यांचा जीव. चाक फिरवण्याआधी ते माझ्या टपावर हलकेच थाप मारायचे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मी दुकानदार नेले, मजूर नेले, जैन आजी नेल्या, बौद्ध वस्तीतले आजोबा नेले. सगळ्यांच्या हारांचे दोरे माझ्या एकाच दांड्याला बांधले गेले. मला या कामाची लाज कधीच वाटली नाही. केळी असो की माणूस, न धक्का लागता पोचवायचं, एवढंच मला कळत होतं.

घोटाळा झाला तो एका रविवारी. देवचंदभाऊंना डेपोची सवय होती. उभी गाडी अधूनमधून सुरू करायची, म्हणजे ती दगा देत नाही. त्यांनी मला रिकामाच गावातून फिरवून आणलं. माझा आवाज ऐकून दारं उघडली. "कोन गया? कोन गया?" असं जो तो विचारू लागला. कुणीच गेलेलं नव्हतं. पण संध्याकाळी खालच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या बाई खरोखरच गेल्या. झालं! शेठच्या पत्नी सायरबाई, ज्यांना सारं गाव अक्का म्हणतं, त्यांनी निकाल दिला.

"देवचंदभाऊ, हाऊ रथ रिकामा फिरना का कोनले तरी शोधस. मयत व्हयी तव्हयच चावी लावा."

म्हणजे कुणी वारल्याशिवाय मला सुरूच करायचं नाही. अक्कांचा शब्द मोडायची कुणाची हिंमत? देवचंदभाऊंनी चावी खिळ्याला टांगली. मी पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिलो. गाव निरोगी होतं, याचा मला आनंद होता. पण माझ्या पोटातली बॅटरी हळूहळू झोपत चालली होती. मित्रांनो, बॅटरी वापरली नाही तर शिल्लक राहते असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. तसं नसतं. ती नुसती बसूनही उतरते, आणि आमच्या खानदेशी उन्हात तर जास्तच लवकर.

मग मे महिन्यात लोटनआबा वारले. पुष्पाबाईंचे यजमान, अक्कांच्या शेजारचे. देवचंदभाऊंनी टपावर थाप मारली, चावी फिरवली. मी सगळा जोर लावला, पण माझ्यातून नुसतं 'टिक' झालं. पुन्हा 'टिक'. लोकांनी धक्का मारला, तरी इंजिन जागं झालं नाही. शेवटी होते तेवढ्या माणसांनी तिरडी खांद्यावर घेतली. महामार्गावर ट्रक थांबेनात. भर दुपारी, डांबर वितळत असताना, लोटनआबा रस्त्याच्या कडेला वाट पाहत राहिले. पुष्पाबाईंच्या ओट्यावरून ती जागा सरळ दिसते. त्या रडल्या नाहीत. अक्कांकडे वळून एवढंच म्हणाल्या, "इतला उनमा त्यास्ले उभं ठेवं, अक्का?"

अक्का घरात निघून गेल्या. त्या दिवसापासून दोघी बोलेनाशा झाल्या, आणि मला माझ्या पांढऱ्या रंगाचीही लाज वाटू लागली.

शेठ कामाला लागले. त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून एक दांडगा चार्जर आणला, माझ्या बॅटरीला लावला आणि दुकानाच्या गडबडीत विसरले. तो चार्जर थांबणाऱ्यांतला नव्हता. बॅटरीतलं पाणी उकळलं, शेडभर कुजक्या अंड्यांचा वास पसरला आणि बॅटरी फुगून बाद झाली. मग मला नवी बॅटरी मिळाली आणि तिच्यासाठी नीट चार्जर बघायला शेठ देवचंदभाऊंना घेऊन धुळ्याला हितेंद्रच्या बॅटरीच्या दुकानात गेले. तिथला किस्सा देवचंदभाऊंनी मला शेडमध्ये बसून सांगितला.

शेठ तूरडाळ दाताखाली फोडून घेणारे. त्यांनी तिथेही प्रश्नांची फैर झाडली. हितेंद्रने मोठा चार्जर दाखवला. शेठ म्हणाले, "भरल्यावर थांबतो का हा? नाही? मग राहू दे, एक बॅटरी शिजवून झाली." दुसरा छोटा होता, भरल्यावर आपोआप थांबणारा. शेठनी विचारलं, "आणि लाइट जाऊन आली तर?" हितेंद्र म्हणाला, "मग बटण परत दाबावं लागतं." शेठ हसले. "आमच्या गावात लाइट दिवसातून कितीदा जाते माहिती आहे? बटण दाबायला माणूस ठेवू का?"

तिसरा निघाला मुठीएवढा. लाइट आली की स्वतःहून कामाला लागायचा, बॅटरी भरली की गप्प बसायचा, जराशी उतरली की पुन्हा थोडं पाजायचा. तारा उलट्या लागल्या तरी ठिणगी नाही. शेठनी आपली बॅटरी किती व्होल्टची, पाणी घालायची की बंद, सगळं सांगून तो तिला चालतो याची खात्री करून घेतली. हितेंद्रने बजावलं, "उन्हात ठेवू नका, बॅटरीचं पाणी बघत जा. आणि शेठ, हा फक्त बॅटरी राखेल. इंजिन, ब्रेक, टायर राखायला महिन्यातून एकदा तरी गाडी फिरवावी लागेल."

हे ऐकल्यावर मात्र शेठनी चार्जर पिशवीत टाकला आणि पैसे मोजले. हितेंद्रला काय सांगणार, की घरी अक्का आहेत!

तेव्हापासून माझ्या शेडमध्ये त्या चार्जरचा हिरवा दिवा चमकू लागला. मला त्याचं भारी कुतूहल. माझ्या आत काय चाललंय हे त्याला कसं कळतं? लाल झाला की भूक, हिरवा झाला की पोट भरलेलं. मुलं शेडच्या फटीतून तो बघायला यायची. एका सकाळी फटीत मुलांच्या डोळ्यांऐवजी चष्मा दिसला. अक्का होत्या! पूर्वी मला टाळून लांबच्या गल्लीने जाणाऱ्या अक्का रोज दिवा बघून जाऊ लागल्या. शेठनी घरी सगळं सांगितलं होतं तर. दिवा हिरवा असूनही मी पुन्हा अडलो तर काय, ही धास्ती त्यांच्या तोंडावर दिसायची. मलाही तीच होती.

मग एके दिवशी सकाळीच अक्का नवं लुगडं नेसून शेडमध्ये आल्या आणि देवचंदभाऊंना म्हणाल्या, "चावी काढा."

"काय जायं, अक्का? कोन गया?"

"कोनी नही. रथ फिरावना शे. मी पुढे बससू. मंग रिकामा कसा म्हनतीन लोके?"

देवचंदभाऊंनी खिळ्यावरची चावी काढली. अक्का पुढच्या सीटवर चढल्या आणि म्हणाल्या, "पहिले पुष्पाना दारशी चाला."

भाऊंनी टपावर थाप मारली, चावी लावली. मित्रांनो, त्या क्षणी मी इतका घाबरलो होतो! पण चावी फिरली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. मी पुष्पाबाईंच्या ओट्यासमोर थांबलो. अक्का खाली उतरल्या नाहीत, नुसत्या बाजूला सरकल्या आणि सीटवर हात आपटला. पुष्पाबाई ओट्यावरून उतरल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि अक्कांना चिकटून बसल्या.

गल्लीत धडाधड दारं उघडली. "कोन गया? कोन गया?" अक्कांनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "कोनी नही गया! आम्ही दोन्ही चालनूत, आनि परत बी येसूत!" सगळी गल्ली हसली. मला पाहून लोक हसले, असं पहिल्यांदाच घडलं. महामार्गाच्या कडेला, जिथे लोटनआबा उन्हात थांबले होते, तिथे पुष्पाबाईंनी हात जोडले. अक्कांनी त्यांचा खांदा धरून ठेवला. मोकळी वाट मिळताच मी अलगद पलीकडे गेलो आणि तसाच परत आलो.

तेव्हापासून महिन्यातून एकदा दोघींची फेरी ठरलेली आहे. मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी गाडी नुसती उभी असेल. बाबा परगावी असतील, आजोबांना आता दिसत नसेल. ती वापरात नाही म्हणून तिला विसरू नका. तिला भरल्यावर थांबणारा, लाइट आल्यावर जागा होणारा, तिच्याच बॅटरीला मानवणारा चार्जर लावा आणि अधूनमधून फिरवून आणा. आमची गरज सांगून येत नाही, आणि ऐन वेळी नुसतं 'टिक' म्हणताना आम्हाला किती वाईट वाटतं, ते कुणाला कळत नाही.

परवाच्या फेरीनंतर पुष्पाबाई घरी गेल्या, पण अक्का मागे थांबल्या. दिवा हिरवा आहे ना, ते त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. मग माझ्या टपावर, देवचंदभाऊ मारतात तशीच, हलकेच थाप मारली आणि म्हणाल्या, "ज्या रोज मी परत येनार नही ना, त्या रोज बी असाच चालू व्हयजो."