चार वाजताचा पाहुणा

सासरे गेल्याच्या शंभराव्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्यासाठी कागदाचा मोबाईल जाळला, चार्जरसकट; जाळलेली वस्तू गेलेल्या माणसाला पोचते, अशी इथली समजूत. गल्लीतल्या लोखंडी डब्यात ज्वाळा चढल्या आणि सासूबाई ओरडू लागल्या, "अहो थिएन-लाई, मोबाईल घ्यायला या! आणि वायफायचा पासवर्ड नीट ऐका!" आठही आकडे तीनदा. सासऱ्यांना जिवंतपणीच कमी ऐकू यायचं. वर जाऊन कान सुधारले असतील, यावर सासूबाईंचा विश्वास नव्हता.

मी काठीने राख ढवळत राहिले. तैवानमधल्या ताइनानच्या या घरात बावीस वर्षं सून आहे मी, लाजणं केव्हाच सोडलंय.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता घरातल्या कॉम्प्युटरवर पाटी उमटली: 'एक नवीन उपकरण तुमच्या नेटवर्कला जोडलं गेलं आहे.'

"आले!" सासूबाई म्हणाल्या.

पाचला ते उपकरण गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला हजर. चार ते पाच ही सासऱ्यांची जुनी संगीत नाटकं बघायची वेळ. सासूबाईंनी कॉम्प्युटरपुढे पेरू कापून ठेवला, उदबत्ती लावली आणि समोर बसून स्वतःही चार फोडी खाल्ल्या. तीन महिने ही बाई दोन घास पेजेवर जगत होती. मला रडूच आलं.

पण भीतीही वाटत होती. कोणी परका घरच्या नेटमध्ये शिरला असला तर? जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तर नाव नाही, नुसता क्रमांक, तोही रोज वेगळा. ऑफिसातल्या एकाने समजावलं, काही फोन रोज नवा क्रमांक सांगतात, म्हणून कालचाच पाहुणा आज नवीन दिसतो. आणि सिग्नल एवढा जोरात म्हणजे माणूस भिंतीला टेकून बसलेला असणार.

"आई, पासवर्ड बदलते."

"खबरदार! ते दाराबाहेर ताटकळतील."

"अहो, चोर असला तर?"

"चोर रोज वेळेवर येतो होय? तुझा नवरा तरी येतो का?"

दुसऱ्या दिवशी चारला मी मागच्या बोळात गेले. आमच्या भिंतीला टेकून, प्लॅस्टिकच्या स्टुलावर शेजारचे अ-शुई काका मोबाईल घेऊन बसले होते. बाजूला आणखी एक स्टूल, त्यावर चहाचा भरलेला पेला.

"काका!"

ते दचकले. "वहिनींनीच ओरडून सांगितला ना पासवर्ड... माझ्या फोनला नेट नाही गं. आम्ही दोघं थिएन-लाईच्याच फोनवर बघायचो. त्याला गाणं ऐकू यायचं नाही, मी ओळी ओरडून सांगायचो." मग हळूच म्हणाले, "बंद करणारेस का?"

"बघा तुम्ही," एवढंच म्हणून मी परतले. सासूबाईंना आता काय सांगू? खरं सांगावं तर त्यांचं पेरू खाणं पुन्हा सुटेल, आणि खोटं मला धड जमत नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात पेरू कापत होत्या. दोन ताटल्या भरल्या होत्या. "ही कॉम्प्युटरपुढे ठेव. ही अ-शुईला दे. बिया काढल्यात, त्याला दात कुठेत!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवा पाऊस आला तर पाच मिनिटांत नेट सोडून स्टुलासकट घरात पळाला. मेलेलं माणूस पावसाला भितं का?"

"मग ही उदबत्ती कशाला?"

सासूबाईंनी सुरी धुतली, पुसली. "अगं, चाळीस वर्षांत त्यांनी एक तरी नाटक एकट्याने बसून बघितलं का? अ-शुई बसला की हे शेजारी आलेच. जा, ताटली दे. आणि त्याला म्हणावं, ओळी जरा मोठ्याने सांग. मलाही ऐकू येऊ देत."