वाऱ्यावरचा आळ

‘वारा प्रतिकूल असल्यामुळे हेलिकॉप्टर एटापल्लीत उतरू शकले नाही.’ सरकारी निवेदनाने वाऱ्यावर असा आळ घेतला आहे. मित्रांनो, मी त्याच मैदानावरचा, वारा दाखवणारा एक जुना कापडी मोजा आहे. वारा असला की मी फुगतो, नसला की लोंबतो. याखेरीज मला काहीही येत नाही. सत्याऐंशीच्या भाद्रपदातल्या त्या दिवशी मी सकाळपासून लोंबत होतो.

नागपूरच्या एका तंबूवाल्याने मला शिवले. इथे खांबावर चढवले तेव्हा दलाचे साहेब भाषणात म्हणाले, सशस्त्र दलाला आता पंख फुटले. पंख भाड्याचे आहेत, एवढे सांगायचे राहिले. ते भाड्याचे हेलिकॉप्टर उद्घाटनाला आले, पाहणीला आले. मी उन्हाने विटलो, उसवलो. झाडू नावाचा मैदानाचा राखणदार आपल्या धोतराची ठिगळे मला लावत राहिला.

मग त्या दिवशी खाटेवरून लालसूला आणले. दलातला जवान; चकमकीत मांडीत गोळी लागलेली. पुराने रस्ता बंद. डॉक्टरांनी बजावले होते, संध्याकाळपर्यंत चंद्रपूर गाठले तरच पाय वाचेल.

‘झाडूभाऊ, हा मोजा एकच काऊन?’ लालसूने विचारले.

‘सरकारनं एकच देल्ला, बाबू.’

‘मंग राहू दे. मलेबी आता एकच लागन.’

‘चूप बस! येऊनच राह्यलं हेलिकॉप्टर.’

वैमानिकाला दिसावे म्हणून झाडूने ओला पाला पेटवला. धूर काठीसारखा सरळ वर गेला. सूर्य मावळला. दुसऱ्या दिवशी सकाळी लालसूला डोंग्यातून नदीपार नेले. चंद्रपुरात त्याचा पाय कापला.

दलाच्या बंदुका भाड्याच्या नाहीत, बूट भाड्याचे नाहीत; जखमीला उचलणारे यंत्र तेवढे भाड्याचे. याला काटकसर म्हणतात. मित्रांनो, मला नवे कापड नको. मी थकलो आहे. पण ज्याला तुम्ही लढायला धाडता, त्याला परत आणायचे साधन दुसऱ्याच्या दारात ठेवू नका.

परवा लालसू कुबड्या घेऊन मैदानावर आला. निवेदनावर सही करणारे साहेबही पाहणीला आले होते.

‘साहेब, वारा तं नव्हता,’ लालसू म्हणाला. ‘मंग काऊन नाई आलं?’

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी लोंबत होतो.

‘हेलिकॉप्टर भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं त्या दिवशी ते आपल्या पाहुण्यांना वरून जंगल दाखवायला नेलं होतं. भाड्याचं यंत्र, लालसू. मला हुकूम देता येत नव्हता, विनंती करता येत होती. ती मी केली.’