वाढवलेल्या बांगड्या

"मूठ मिट पाहू," भगवंतराव वैद्य म्हणाले.

सत्यभामेनं मिटली, म्हणजे मिटायला घेतली. बोटं अर्ध्या वाटेतच थांबली. सांधे लाल, चकचकीत, हात लावावा तर गरम. मनगटावरच्या सुजेनं तर बांगड्याच गिळल्या होत्या. हिरवी काच कातड्यात रुतली होती आणि तिच्याखाली जखम ओली झाली होती.

"कदीपासून हाय हे?"

"कौशी रांगत होती तवापासून. आता तिचं लगन हाय, वैद्यबुवा."

दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात; हिचं आलं तेच मुंगीच्या पायानं. पहाटे विहिरीच्या गार पाण्यात मुळे-मेथी धुवायची, जुड्या बांधायच्या, टोपली डोक्यावर घेऊन तेल्हाऱ्याचा बाजार गाठायचा. बोट आखडलं तर हात झटकायचा आणि पुढची जुडी बांधायची. रोज मरे त्याला कोण रडे, आणि सत्यभामा स्वतःही स्वतःसाठी कधी रडली नाही.

"राखेखाली गोवरी धुमसते न, तसं हाय हे," वैद्यबुवा म्हणाले. "हे इझवाचं औषध माह्यापाशी नाई, खोटं कायले सांगू? धग कमी करता येईन. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घे. राती सुंठीच्या काढ्यात एरंडेल. दही, कढी, आंबाडी बंद. अन् गार पाण्यात हात घालू नको."

"मंग मुळे कोन धुईन?"

वैद्यबुवांनी तिचं मनगट उजेडाकडे वळवलं. ते म्हणाले, "अन् ह्या बांगड्या आजच वाढवा. मनगट सडून राहिलं."

'फोडा' हा शब्द त्यांनीही तोंडातून काढला नाही. तरी सत्यभामेनं हात पदराखाली ओढला. या बांगड्या हात सडपातळ होते तेव्हा चढलेल्या. आता पेरं अशी जाड झाली होती की एकदा गेलेली बांगडी पुन्हा चढायची नव्हती. नवरा धडधाकट आणि बाईचे हात उघडे, तेही पोरीच्या चुड्याच्या दिवशी!

"लगन होऊ द्या," ती म्हणाली, "मंग पाहू."

तिचा नवरा जानराव दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. बोलण्यात हा माणूस भारी कंजूष. त्या संध्याकाळी मात्र तो नाल्यावरून निर्गुडीचा भारा घेऊन आला आणि मग रोजच आणू लागला. घरभर तो उग्र, कडवट वास भरून राहिला. आंबाडीची भाजी त्याच्या जिवाची, पण तिला बंद म्हणून त्यानंही सोडली. आणि मुळे तोच धुऊ लागला. बाजारात याची वाच्यता त्यानं केली नाही, पण गाव काय आंधळं असतं? विहिरीवरच्या बायका पदराआड हसत, आणि हा खाली मान घालून मुळे घासत राही.

निर्गुडीनं गुण दिला, नाही असं नाही. सत्यभामा पुन्हा कणीक मळू लागली. पण बांगड्यांच्या खाली शेक पोचत नव्हता. जखम चिघळली, ताप भरला. एका दुपारी जानराव ओलं फडकं आणि पक्कड घेऊन तिच्यापाशी बसला.

"हात दे."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले ताप हाय का तुले? दे."

"तुमच्या हातानं नोका वाढवू, आवो. असं कोनी करते काय?"

"मंग कोनाच्या हातानं? मी जिता हाओ तं मीच वाढवतो."

काच टिचत गेली. त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ती ताप आल्याचं निमित्त करून मनसोक्त रडली.

हळदीनं मनगट भरून आलं, सूजही उतरली. पेरं तेवढी उतरली नाहीत. आतलं हाडच वाकडं झालं होतं.

चुड्याच्या दिवशी मनकर्णाबाई कासारीण ओसरीवर बसली. कौशल्येचे हात हिरवेगार भरले आणि मग रीतीप्रमाणे आईचा नंबर आला. मनकर्णाबाईनं सगळ्यात मोठं माप काढलं. साबण लावला, तेल लावलं, अंगठा दुमडून पाहिला. सत्यभामा ओठ चावून बसली होती. बांगडी पेरावर अडली ती अडलीच.

"नाई जात, माय," कासारीण हळूच म्हणाली. "जोर केला तं तुह्या हाताले इजा होईन."

मग जाऊ सुभद्रा बोलली, तिच्या मनात वाईट नव्हतं. "कौशीची ओटी मी भरतो व. भरल्या हातानं भरा लागते. तू आत बस."

सत्यभामा उठली. पोरगी रांगत होती तेव्हापासून ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस तिला चुलीपाशी काढावा लागणार होता.

मांडवात तोरण बांधणारा जानराव तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात येऊन उभा राहिला. पुरुषानं तिथं यायची रीत नव्हती. बायका सावरून बसल्या.

"तिच्या बांगड्या म्या वाढवल्या," तो म्हणाला. "म्या, माह्या हातानं. मी मेलो नाई अजून. ओटी तिची मायच भरीन."

एवढं बोलून त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि तो तोरणाकडे निघून गेला.

सत्यभामेनं ओटी भरली. मुठी मिटत नव्हत्या, तांदूळ बोटांच्या फटीतून सांडत होते. नारळ तिनं दोन्ही मनगटांत धरून उचलला, आणि कौशल्येनं पदर आईच्या हातांखाली आणखी पुढे केला. सुभद्रेनं खाली सांडलेले तांदूळ मुकाट्यानं वेचले.

बांगड्या भरल्या की कासारणीला नमस्कार करायचा आणि तिनं अखंड सौभाग्याचा आशीर्वाद द्यायचा, अशी रीत. सत्यभामेच्या भरल्या नव्हत्या, तरी ती वाकली.

मनकर्णाबाईनं तिच्या उघड्या मनगटांकडे पाहिलं. मग तिनं सत्यभामेच्या डोक्यावर हात ठेवला. "जन्मसावित्री हो, माय," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईचा हात हातात घेतला.