पोकळ पाठीची पेटी

मी अक्रोडाच्या लाकडाची एक पेटी. लोक मला बोलणारी पेटी म्हणतात, पण माझं स्वतःचं वाक्य मी आज पहिल्यांदाच बोलतेय.

मला साईकालने बनवलं. दूरदेशी शिकून ती बिश्केकच्या विद्यापीठात परतली ती एकच ध्यास घेऊन: डॉक्टर पोचत नाही त्या डोंगरात सल्ला देणारं यंत्र पोचवायचं. खरं यंत्र घडवायला वर्षं जातात. म्हणून संशोधक आधी यंत्राचं सोंग उभं करतात, माणूस आडून बोलतो, आणि लोक यंत्राशी कसे वागतात ते पाहतात. ते सोंग म्हणजे मी. पुढे जाळी, आत कर्णा, पाठ उघडी. माझी तार गवताखालून शेजारच्या लहान तंबूत जायची. तिथे साईकाल दिवसभर तारेला कान लावून लपून बसे. तिचा आवाज माझ्यातून घोगरा होऊन निघे.

नारीन शहराच्या वरच्या कुरणावर बुरुलचा एजेच्या तंबूत साईकालच्या सरांनी मला मांडलं. एजे म्हणजे थोरली ताई. कुरणावर सगळे तिला तशीच हाक मारत. सर म्हणाले, हे यंत्र आहे, काहीही विचारा. एजेने घोडीच्या खोकल्याचं विचारलं, पावसाचं विचारलं. रोज सकाळी ती माझ्यापुढे नान ठेवी, कारण तिथे आलेल्या पाहुण्याने तुकडा मोडल्याशिवाय जायचं नसतं.

"एवढं शिकलेलं लाकूड, पण रीतभात शून्य," ती नवऱ्याला म्हणे. तिकडे साईकाल बेदाणे चघळत हसू दाबत असे.

मग एका दुपारी नवरा कळपामागे गेला होता. एजेने दाराचा जाड लोकरी नमदा खाली सोडला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"तू माणूस नाहीस म्हणून सांगते. माझ्या छातीत गाठ आहे. हिवाळ्यापासून. घरात कुणाला बोलले नाही. लाज वाटते."

'डॉक्टरांना दाखवा' हे उत्तर साईकालकडे तयार होतं. ते दिलं असतं तर एजेने मान डोलावली असती, प्रयोग सुरळीत चालला असता, आणि गाठ जागच्या जागी राहिली असती. बाहेर यावं, तर उन्हाळ्याचं काम मातीत, वर एका बाईचं गुपित चोरून ऐकल्याचा डाग. त्या घटकेला कोंडलेली मी एकटीच नव्हते.

नमदा बाजूला झाला. साईकाल दारात उभी होती.

"एजे, यात यंत्र नाहीये. मीच बोलत होते. मी सगळं ऐकलं."

एजेने उठून माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. माझी पोकळ पाठ आणि त्यातली एकुलती तार बघत राहिली. शेवटी नान साईकालपुढे सरकवला.

"आधी तुकडा मोड. मग शिव्या देते तुला."

दिल्याही, पोटभर. त्या संपल्यावर दोघी एकाच गाडीने नारीनच्या दवाखान्याकडे उतरल्या.

प्रयोग रद्द झाला. मी मात्र विद्यापीठाच्या काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे, तोंड पुढे करून. सर पाहुण्यांना सांगतात, ही आमची बोलणारी पेटी. पाहुणे काचेवर टिचक्या मारतात. एजेचं काय झालं ते मला कुणी सांगत नाही. साईकाल अजून दर आठवड्याला नारीनला जाते, एवढं विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून कानावर येतं. त्यावर मी जगते.

मला सोडवा असं म्हणत नाही. फक्त एजेने ठेवलं होतं तसं ठेवा, पाठ लोकांकडे करून. माझ्याशी बोलण्याआधी माणसाला माझी पोकळी दिसू दे.